घटक ४ : दारात नसलेल्या माणसाची नोंद
शेजारी देशांतील आंतरराष्ट्रीय स्थलांतराच्या समन्वित कुटुंब-सर्वेक्षणाचे नियोजन

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• स्थलांतराच्या अभ्यासासाठी जनगणना अपुरी का पडते, हे सांगता येईल.
• अनेक शेजारी देशांनी मिळून करावयाच्या कुटुंब-सर्वेक्षणाचे टप्पे स्पष्ट करता येतील.
• 'कुटुंब', 'स्थलांतरित' यांसारख्या संज्ञांच्या व्याख्या संख्येवर कसा परिणाम करतात, हे उदाहरणांसह दाखवता येईल.
• प्रश्नावलीचे भाषांतर आणि बोलीतील विचारणा यांतील अडचणी ओळखता येतील.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जनगणनेचा प्रगणक आपल्या दारी येतो तेव्हा त्याचा मूळ प्रश्न असतो : या घरात कोण कोण राहते? घरातील माणसे मोजली जातात. ती पूर्वी कोठे राहत होती, हेही विचारले जाते. म्हणजे बाहेरून आलेल्या माणसाची नोंद होते. परंतु या घरातून निघून मस्कतला किंवा दुबईला गेलेल्या मुलाचे काय? तो घरात राहत नाही, म्हणून तो मोजला जात नाही. आईच्या दृष्टीने तो घरातलाच आहे. सरकारी तक्त्याच्या दृष्टीने तो त्या घरात नाही.

ही केवळ आपल्या जनगणनेची मर्यादा नव्हे. बहुतेक देशांची आकडेवारी उपस्थित माणसांसाठी रचलेली असते. विमानतळावरील नोंदींवरून माणूस गेला एवढे कळते. तो का गेला, कोणाच्या आधाराने गेला, परत येण्याचा त्याचा विचार आहे का, मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे कळत नाही. ज्या देशात तो गेला त्या देशाच्या नोंदींत तो सापडतो, पण तेथे त्याचे मागचे घर सापडत नाही.

ही उणीव भरून काढण्याचा मार्ग म्हणजे स्थलांतराचे कुटुंब-सर्वेक्षण. त्यात मागे राहिलेल्या घराला गेलेल्या माणसाविषयी विचारले जाते. असे सर्वेक्षण शेजारच्या अनेक देशांनी एकाच आराखड्यानुसार करावयाचे ठरवले, तर त्याचे नियोजन कसे करावे, हा या घटकाचा विषय आहे. आपण मराठीचे विद्यार्थी आहात. मग हा विषय आपल्या अभ्यासक्रमात कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर विवेचनाच्या ओघात मिळेल. येथे एवढेच सांगतो की, अशा सर्वेक्षणाचे यश गणितावर जितके अवलंबून असते, तितकेच ते शब्दांच्या अर्थावर अवलंबून असते.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ समन्वयाची गरज

स्थलांतराला नेहमी दोन टोके असतात. इजिप्तमधील कामगार जॉर्डनमध्ये गेला, तर तो इजिप्तच्या दृष्टीने बाहेर गेलेला आणि जॉर्डनच्या दृष्टीने बाहेरून आलेला असतो. माणूस एकच, प्रवासही एकच. नोंदी मात्र दोन. इजिप्तने एक वर्षाहून अधिक काळ बाहेर असलेल्यांनाच स्थलांतरित मानले आणि जॉर्डनने तीन महिन्यांची मर्यादा धरली, तर या दोन नोंदी जुळणार नाहीत. दोन्ही देशांनी प्रामाणिकपणे काम केले तरीही त्या जुळणार नाहीत, हे येथे लक्षात घ्यावे.

शेजारी देशांच्या बाबतीत ही अडचण अधिक तीव्र होते, कारण त्यांच्यात ये-जा अधिक असते. एक देश काही प्रवाहांत पाठवणारा असतो, काहींत स्वीकारणारा असतो, तर काहींत केवळ वाटेवरचा मुक्काम असतो. म्हणून समन्वय हवा. समन्वय म्हणजे सर्व देशांत एकच कागद वाटणे नव्हे. एका प्रश्नातून सर्व देशांत एकाच गोष्टीची विचारणा होणे, हा समन्वयाचा खरा अर्थ आहे.

लोकसंख्याशास्त्राला ही कल्पना नवी नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या जागतिक प्रजनन सर्वेक्षणात विकसनशील जगातील सुमारे चाळीस देशांनी भाग घेतला. त्यात सर्वांसाठी समान असा प्रश्नांचा गाभा आणि देशाच्या गरजेनुसार जोडावयाचे पूरक भाग अशी रचना होती. स्थलांतराच्या अभ्यासकांनी हीच रचना पुढे स्वीकारली. १९९६-९७ च्या सुमारास नेदरलँड्समधील लोकसंख्या अभ्यास संस्थेने तुर्कस्तान, मोरोक्को, इजिप्त, घाना व सेनेगल या पाठवणाऱ्या देशांत आणि स्पेन व इटली या स्वीकारणाऱ्या देशांत तुलना करता येतील अशी सर्वेक्षणे घडवून आणली.

४.२.२ भूमध्य प्रदेशातील प्रयोग

आपण या घटकात प्रामुख्याने ज्या उदाहरणाचा विचार करणार आहोत, ते 'मेड-हिम्स' या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. भूमध्य समुद्राच्या दक्षिण आणि पूर्व किनाऱ्यांवरील अरब देशांतील आंतरराष्ट्रीय स्थलांतराचे कुटुंब-सर्वेक्षण, असा त्या नावाचा अर्थ आहे. युरोपीय आयोगाच्या 'मेडस्टॅट' या सांख्यिकी सहकार्य कार्यक्रमातून ही योजना पुढे आली. जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी, निर्वासितांसाठीचे उच्चायुक्त कार्यालय, आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना आणि अरब लीग या संस्था तिच्यात सहभागी झाल्या.

इतक्या संस्था असूनही प्रत्यक्ष सर्वेक्षण त्यांच्यापैकी कोणीही केले नाही. ते त्या त्या देशाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने केले. नियोजनातील हा पहिला महत्त्वाचा निर्णय होय. घराघरांत जाण्याचा अधिकार, गावांच्या याद्या, प्रशिक्षित प्रगणक आणि लोकांचा परिचय हे सारे राष्ट्रीय कार्यालयाकडे असते. शिवाय निष्कर्ष स्वतःचे वाटले तरच सरकार ते धोरणात वापरते. बाहेरच्या संस्थांनी नमुना प्रश्नावली, नमुना निवडीचे मार्गदर्शन, प्रशिक्षण-पुस्तिका आणि तक्त्यांचा आराखडा पुरवला.

या आराखड्यात एक नव्हे, तर अनेक प्रश्नावल्या होत्या. पहिली संपूर्ण कुटुंबासाठी : घरात कोण आहे, कोण बाहेर आहे, कोण परतले आहे. तिच्या आधारे पुढील प्रश्नावल्या ठरतात : सध्या परदेशी असलेल्या व्यक्तीविषयी, परतलेल्या व्यक्तीसाठी, सक्तीने देश सोडावा लागलेल्या व्यक्तीसाठी आणि कधीच न गेलेल्या व्यक्तीसाठी. याशिवाय घराच्या आर्थिक स्थितीविषयी व गावातील सोयींविषयी स्वतंत्र विचारणा होती.

कधीच न गेलेल्या व्यक्तीला प्रश्न कशासाठी, असे आपल्याला वाटेल. विचार करा : गेलेल्यांपैकी पुष्कळ जण 'काम मिळत नव्हते म्हणून गेलो' असे सांगतात. परंतु त्याच गावात, तशाच परिस्थितीत न गेलेलेही असतात. त्यांनाही काम मिळत नव्हते काय? त्यांची माहिती नसेल, तर बेकारी हे जाण्याचे कारण आहे की सर्वांच्याच वाट्याला आलेली स्थिती आहे, हे ठरवता येणार नाही. कारणाचा शोध तुलनेशिवाय लागत नाही.

आपली प्रगती तपासा – १
१. स्थलांतराच्या सर्वेक्षणात न गेलेल्या व्यक्तींना प्रश्न का विचारतात?
२. सर्वेक्षण राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाकडे सोपवण्याची दोन कारणे लिहा.

४.२.३ व्याख्या : कोण, किती काळ, कोणत्या घरातून

नियोजनातील सर्वांत जास्त चर्चा व्याख्यांवर होते, आणि ती व्हायलाच हवी. येथे तीन प्रश्नांचा निर्णय करावा लागतो.

पहिला प्रश्न : कुटुंब म्हणजे काय? आपल्याकडे जनगणनेत सामान्यतः एकत्र राहणाऱ्या व एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्या व्यक्तींचा गट म्हणजे कुटुंब मानले जाते. बोलीत आपण 'एका चुलीवरचे' म्हणतो. पण 'कुटुंब' या शब्दाचा व्यवहारातील अर्थ इतका नेमका नाही. वेगळी चूल मांडलेले भाऊही स्वतःला एकाच कुटुंबाचे म्हणवतात. जुन्या पिढीतील पुरुष तर 'आमचे कुटुंब' म्हणताना केवळ पत्नीचा उल्लेख करीत असे. अरबीतही अशीच अडचण आहे. 'उस्रा' हा शब्द रक्ताच्या नात्याच्या कुटुंबाकडे झुकतो. म्हणून सांख्यिकीच्या अरबीत त्याला 'मईशिय्या', म्हणजे उपजीविकेशी संबंधित, असे विशेषण जोडून 'एकत्र निर्वाह करणारे घर' हा अर्थ साधला जातो. प्रश्न असा की, हे विशेषण कागदावर असले तरी दारात उभ्या असलेल्या बाईला ते ऐकू येते काय?

दुसरा प्रश्न : किती काळ बाहेर असलेला माणूस स्थलांतरित? संयुक्त राष्ट्रांच्या १९९८ च्या शिफारशींनुसार, नेहमीच्या निवासाचा देश सोडून किमान बारा महिन्यांसाठी दुसऱ्या देशात गेलेली व्यक्ती दीर्घकालीन स्थलांतरित होय. किमान तीन महिने, परंतु बारा महिन्यांहून कमी काळासाठी गेलेली व्यक्ती अल्पकालीन स्थलांतरित होय. ही विभागणी स्वच्छ दिसते. परंतु हंगामी शेतमजुरीसाठी दरवर्षी पाच महिने जाणाऱ्याचे काय? आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर 'तो बोटीवर असतो' असे ज्याच्याविषयी सांगितले जाते, त्या खलाशाचे काय? तो देशाबाहेर असतो, पण कोणत्याही देशात राहत नाही. अशा व्यक्तींना घ्यावयाचे की वगळावयाचे, याचा निर्णय कोणताही असला तरी चालेल. तो सर्व देशांत एकच असला पाहिजे आणि तो प्रगणकाच्या मर्जीवर सोडता कामा नये.

याच प्रश्नाला जोडून मागच्या काळाची मर्यादाही ठरवावी लागते. तीस वर्षांपूर्वी गेलेल्या भावाविषयी भाऊ काय सांगणार? आठवण पुसट झालेली असते आणि तेव्हाचे जगही बदललेले असते. इजिप्तच्या सर्वेक्षणात १ जानेवारी २००० ही तारीख सीमारेषा म्हणून वापरली गेली. अशी सहज आठवणारी तारीख निवडण्यामागे शहाणपण आहे. 'गेल्या तेरा वर्षांत' असे विचारण्यापेक्षा '२००० सालानंतर' असे विचारणे ऐकणाऱ्याला सोपे जाते.

तिसरा प्रश्न : गेलेला माणूस कोणत्या घराचा? समजा, एक तरुण परदेशी गेला. त्याची पत्नी माहेरी राहते, आईवडील मूळ गावी राहतात. दोन्ही घरे नमुन्यात आली, तर दोन्हीकडे त्याचे नाव सांगितले जाईल आणि एक माणूस दोनदा मोजला जाईल. म्हणून नियम करावा लागतो : जाण्यापूर्वी लगेच तो ज्या घरात राहत होता, त्याच घराचा तो धरावा. या नियमाने दुहेरी मोजणी टळते. पण उलट बाजूची उणीव त्याने भरून निघत नाही. संपूर्ण कुटुंबच देश सोडून गेले असेल, तर दार उघडायला कोणीच नसते. अशी कुटुंबे या पद्धतीत निसटतात. म्हणून जेथे घरेच्या घरे स्थलांतर करतात, तेथे या पद्धतीने मिळणारी संख्या खऱ्या संख्येपेक्षा कमी असते. अहवालात हे स्पष्टपणे सांगणे हा नियोजनाचाच भाग मानावा.

४.२.४ नमुना निवड : विरळ माणसाचा शोध

स्थलांतरित असलेली घरे सर्वत्र सारखी पसरलेली नसतात. काही गावांत प्रत्येक आळीत एखादे असते, तर काही तालुक्यांत एकही नसते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या देशातील शंभर घरांपैकी दोन घरांतून अलीकडे कोणी परदेशी गेले आहे. आपण सरसकट ५,००० घरे निवडली, तर त्यांपैकी जेमतेम १०० घरे आपल्या उपयोगाची निघतील. ती पुन्हा स्त्री-पुरुष, शहर-खेडे, निरनिराळे देश अशी विभागली, तर एकेका गटात मोजकीच माणसे उरतील. त्यावरून कोणताही निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल.

यावर दोन उपाय एकत्र वापरतात. पहिला : ज्या भागांतून अधिक लोक जातात असे आधीच्या माहितीवरून दिसते, तेथील अधिक वस्त्या निवडाव्यात. दुसरा : निवडलेल्या वस्तीतील सर्व घरांना प्रथम एक-दोन छोटे प्रश्न विचारून यादी करावी; मग स्थलांतरित असलेली घरे जास्त प्रमाणात आणि नसलेली कमी प्रमाणात घ्यावीत. याला दोन टप्प्यांची निवड म्हणतात. समजा, वस्तीत २०० घरे आहेत. यादी केल्यावर १० घरांतून कोणी परदेशी गेल्याचे कळले. आपण ती सर्व १० घरे घेतली आणि उरलेल्या १९० पैकी १९ घेतली. आता हाती २९ घरे आहेत आणि त्यांतील सुमारे ३४ टक्के स्थलांतरित असलेली आहेत. वस्तीतील खरे प्रमाण मात्र ५ टक्केच आहे. म्हणून हिशेब करताना न-स्थलांतरित गटातील प्रत्येक घर दहा घरांचे प्रतिनिधी मानावे लागते. या गुणकाला 'भार' म्हणतात. भार न लावता काढलेला आकडा हा चुकीचाच नव्हे, तर दिशाभूल करणारा असतो.

इजिप्तच्या केंद्रीय सांख्यिकी संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या सर्वेक्षणासाठी सुमारे ९० हजार घरांचा नमुना घेण्यात आला होता. एवढा मोठा आकडा का लागला, हे आता आपल्या ध्यानात येईल. पण एक सूक्ष्म गोष्ट विसरू नका. यादी करताना विचारलेला छोटा प्रश्नच जर चुकीचा समजला गेला, तर ते घर न-स्थलांतरितांच्या यादीत जाते आणि तेथून ते परत येण्याची शक्यता फार थोडी. नंतरची उत्तम प्रश्नावली त्याला वाचवू शकत नाही. म्हणजे सगळे गणित अखेर एका वाक्यावर येऊन टेकते.

आपली प्रगती तपासा – २
१. एकाच व्यक्तीची दुहेरी मोजणी कशी होते? ती टाळण्याचा नियम कोणता?
२. 'भार' ही संज्ञा स्पष्ट करा.

४.२.५ ते एक वाक्य : प्रश्नांची भाषा

ते वाक्य कसे असावे? 'या घरात कोणी स्थलांतरित आहे का?' हा प्रश्न सरळ वाटतो. अरबीत 'स्थलांतरिता'साठी 'मुहाजिर' हा शब्द आहे. पण इजिप्तमध्ये आखाती देशांत नोकरीला गेलेल्या नवऱ्याविषयी बायको सहजपणे 'मिसाफिर' आहे असे म्हणते. आपल्या 'मुसाफिर' या शब्दाचेच हे तेथील बोलीतील रूप. प्रवासाला गेलेला असा त्याचा अर्थ. सौदी अरेबियात दहा वर्षे काढलेला माणूसही तिच्या लेखी प्रवासात असतो, कारण तो परत येणार आहे. 'मुहाजिर' शब्दात कायमचे जाण्याची छटा आहे. इजिप्तच्या १९८३ च्या कायद्यानेही कायमचे आणि तात्पुरते असे दोन प्रकार वेगळे केले आहेत. तेव्हा 'घरात कोणी मुहाजिर आहे का?' या प्रश्नाला ती बाई 'नाही' म्हणेल, तर ती खोटे बोलत नसेल. ती तिच्या भाषेत खरे उत्तर देत असेल, आणि तरीही तिचा नवरा देशाच्या आकडेवारीतून नाहीसा होईल. त्याच्या नावावर ना घराचे कर्ज मोजले जाईल, ना त्याने पाठवलेल्या पैशांवर चाललेले मुलांचे शिक्षण.

आपल्या भाषेत हे ताडून पाहा. 'तुमच्या घरातील कोणी स्थलांतर केले आहे का?' असे विचारले, तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ऊसतोडीला निघालेले कुटुंब किंवा दुष्काळात गाव सोडलेले लोक येतील. अभियंता म्हणून जर्मनीत असलेल्या मुलीविषयी आई 'स्थलांतर' हा शब्द वापरणार नाही; ती 'जर्मनीला असते' एवढेच म्हणेल.

यावरून एक नियम निघतो : संकल्पना विचारू नये, घटना विचारावी. 'स्थलांतरित आहे का?' याऐवजी 'पूर्वी या घरात राहणारी आणि आता दुसऱ्या देशात राहणारी अशी कोणी व्यक्ती आहे का?' असे विचारावे. नावाऐवजी क्रियापदाकडे वळले की अर्थातील फरक कमी होतात. वर्गीकरण करण्याचे काम उत्तर देणाऱ्यावर टाकू नये. ते अभ्यासकाने नंतर करावे.

दुसरी अडचण भाषेच्या स्तरांची. अमेरिकन भाषावैज्ञानिक चार्ल्स फर्ग्युसन यांनी १९५९ मधील आपल्या प्रसिद्ध लेखात अरबीचे उदाहरण देऊन द्विस्तरीय भाषाव्यवहाराची संकल्पना मांडली, हे आपण जाणताच. अरबी देशांत लेखनाची भाषा एक आणि घरातील बोली दुसरी. प्रश्नावली लिखित अरबीत छापली जाते. ती जशीच्या तशी वाचून दाखवणे उत्तरदात्याला परके वाटते. म्हणून प्रगणक ती दारातच बोलीत उतरवतो. म्हणजे प्रत्येक प्रगणक भाषांतरकार होतो, आणि हजार प्रगणक असतील तर एका प्रश्नाची हजार रूपे संभवतात. मोरोक्कोत अमाझिग भाषा बोलणारी घरेही आहेत आणि शासनव्यवहारात फ्रेंचचाही वावर आहे. तेथे हे अंतर आणखी वाढते.

मूळ प्रश्नावली भाषांतरित करून, दुसऱ्या व्यक्तीकडून ती पुन्हा मूळ भाषेत आणून पडताळणे, म्हणजे उलट भाषांतर, ही रूढ पद्धत आहे. ती उपयुक्त आहे, पण पुरेशी नाही. 'मुहाजिर'चे उलट भाषांतर 'स्थलांतरित' असेच होईल. कोशात चूक सापडणार नाही. चूक वापरात आहे. ती शोधायची तर पूर्वचाचणीत उत्तरदात्याला विचारावे लागते : हा प्रश्न ऐकल्यावर तुमच्या मनात कोण आले? आणि प्रमुख बोलींतील विचारणेची वाक्ये आधीच ठरवून प्रशिक्षणात पक्की करून घ्यावी लागतात.

४.२.६ दुसऱ्याच्या वतीने दिलेले उत्तर

सध्या परदेशी असलेल्या व्यक्तीविषयी घरातील दुसरी कोणी व्यक्ती उत्तर देते. याला प्रतिनिधीचे उत्तर म्हणू. कोणत्या वर्षी गेला, कोणत्या देशात गेला, तेव्हा शिक्षण किती होते, ही माहिती प्रतिनिधी बऱ्यापैकी देऊ शकतो. पगार किती, हे त्याला अंदाजाने माहीत असते. का गेला, सुखी आहे का, परत येणार का, यांची उत्तरे मात्र सांगणाऱ्याच्या इच्छांनी रंगलेली असतात. आई म्हणेल, 'परत येणारच'. म्हणून प्रश्नांची विभागणी करावी : वस्तुस्थितीचे प्रश्न प्रतिनिधीला, मनातील गोष्टींचे प्रश्न शक्य तेव्हा परतलेल्या किंवा सुट्टीवर आलेल्या व्यक्तीला.

काही प्रश्नांना भीतीचीही किनार असते. मगरेब देशांत कागदपत्रांविना समुद्र ओलांडणाऱ्यांना 'हर्रागा' म्हणतात. जाळणे या अर्थाच्या क्रियापदापासून हा शब्द आला आहे. ज्या घरातील मुलगा असा गेला, ते घर सरकारी माणसापुढे सहज तोंड उघडणार नाही. गुप्ततेची हमी येथे औपचारिकता राहत नाही. ती कोणत्या शब्दांत, कोणाच्या तोंडून आणि कोणाच्या उपस्थितीत दिली जाते, यावर उत्तराचा खरेपणा ठरतो.

४.२.७ वेळापत्रक आणि इतिहास

समन्वित सर्वेक्षण एकाच सुमारास व्हावे, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात इजिप्तचे सर्वेक्षण २०१३ मध्ये, जॉर्डनचे २०१४ मध्ये, मोरोक्कोचे २०१८-१९ मध्ये आणि ट्युनिशियाचे २०२०-२१ मध्ये, साथरोगाच्या काळात झाले. मधल्या काळात त्या प्रदेशाचे रूपच पालटले. २०११ मध्ये लिबियात संघर्ष पेटला आणि तेथील असंख्य इजिप्शियन कामगार परतले. सीरियात युद्ध सुरू झाले. २०१४ पर्यंत जॉर्डनमध्ये नोंदणी झालेल्या सीरियन निर्वासितांची संख्या सहा लाखांवर गेली. कामासाठी जाणाऱ्यांच्या अभ्यासात, जिवासाठी पळालेल्यांना सामावून घ्यावे लागले.

तेव्हा २०१३ च्या इजिप्तची २०२० च्या ट्युनिशियाशी तुलना करताना दोन देशांतील फरक कोणता आणि दोन काळांतील फरक कोणता, हे सावधपणे पाहावे लागते. वेळ जुळली नाही तरी व्याख्या जुळलेल्या असल्या, तर तुलनेची वाट बंद होत नाही. व्याख्याच जुळल्या नाहीत, तर एकाच दिवशी केलेली सर्वेक्षणेही एकमेकांशी बोलू शकत नाहीत.

४.२.८ आपल्या परिसरातील एक उदाहरण

हाच मुद्दा काळाच्या अंगाने केरळमध्ये दिसतो. तिरुअनंतपुरम येथील विकास अभ्यास केंद्राने १९९८ मध्ये केरळ स्थलांतर सर्वेक्षण सुरू केले. के. सी. झकारिया आणि एस. इरुदय राजन हे त्याचे प्रमुख अभ्यासक. पहिल्या सर्वेक्षणात १० हजार घरे होती. परदेशी असलेल्या केरळीयांची संख्या तेव्हा सुमारे १३.६ लाख निघाली. २०१४ मध्ये ती सुमारे २४ लाख होती आणि २०१८ मध्ये सुमारे २१.२ लाखांवर आली. ही चढ-उतार आपण विश्वासाने वाचू शकतो, याचे कारण विचारणेचा गाभा दर फेरीत सारखा ठेवला गेला. याच केंद्राच्या अभ्यासकांनी २००८ मध्ये गोव्यातही असे सर्वेक्षण केले. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या किनारपट्टीवरील गावांची तुलना कोणाला करावयाची झाल्यास, मालवणी आणि कोकणी बोलणाऱ्या घरांना एकच अर्थ पोहोचेल अशी वाक्ये प्रथम घडवावी लागतील. हे काम आपल्यासारख्या भाषेच्या विद्यार्थ्याचे आहे.

४.३ सारांश

जनगणना उपस्थितांची असते. स्थलांतराचे कुटुंब-सर्वेक्षण अनुपस्थितांची माहिती मागे राहिलेल्यांकडून घेते. शेजारी देशांनी ते समन्वयाने केले तर एकाच प्रवाहाची दोन्ही टोके पाहता येतात. त्यासाठी राष्ट्रीय कार्यालयांची मालकी, समान गाभा, कुटुंब-कालावधी-घर यांच्या समान व्याख्या, दोन टप्प्यांची नमुना निवड, भारांचा वापर आणि पूर्वचाचणी आवश्यक असते. या साऱ्याचा पाया म्हणजे प्रश्नाचा अर्थ. संकल्पनेऐवजी घटना विचारणे आणि बोलीतील विचारणा आधीच निश्चित करणे, हे दोन भाषिक नियम पाळले नाहीत, तर खरे उत्तर मिळूनही माणूस नोंदीबाहेर राहतो.

४.४ पारिभाषिक शब्द

प्रगणक : घरोघरी जाऊन माहिती नोंदवणारी व्यक्ती.
उत्तरदाता : प्रश्नांची उत्तरे देणारी व्यक्ती.
नमुना : संपूर्ण लोकसंख्येचे प्रतिनिधित्व करण्यासाठी निवडलेला गट.
भार : नमुन्यातील एक घर किती घरांचे प्रतिनिधी आहे, हे दाखवणारा गुणक.
पूर्वचाचणी : मुख्य सर्वेक्षणाआधी थोड्या घरांत घेतलेली प्रश्नावलीची परीक्षा.
उलट भाषांतर : भाषांतरित मजकूर पुन्हा मूळ भाषेत आणून पडताळणे.

४.५ 'आपली प्रगती तपासा' : उत्तरांच्या दिशा

प्रगती तपासा – १ : (१) तुलनेशिवाय स्थलांतराचे कारण ठरवता येत नाही. (२) घरापर्यंत पोहोचण्याची यंत्रणा व अधिकार. निष्कर्षांचा धोरणात वापर होण्याची शक्यता.
प्रगती तपासा – २ : (१) दोन घरांनी एकाच व्यक्तीला आपले मानल्यास, जाण्यापूर्वीचे निवासाचे घर ग्राह्य धरणे. (२) पाहा ४.२.४.

४.६ सरावासाठी स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. 'समन्वय म्हणजे शब्दांची नव्हे, अर्थाची एकरूपता.' हे विधान उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. प्रतिनिधीच्या उत्तराच्या मर्यादा सांगा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील दहा घरांत, संमती घेऊन, प्रथम 'घरातील कोणी स्थलांतर केले आहे का?' आणि नंतर 'पूर्वी या घरात राहणारी व आता दुसऱ्या देशात किंवा राज्यात राहणारी कोणी व्यक्ती आहे का?' असे विचारा. दोन्ही उत्तरे वेगवेगळी नोंदवा. पहिल्या प्रश्नाला 'नाही' आणि दुसऱ्याला 'होय' असे उत्तर किती घरांत मिळाले, ते पाहा. त्या घरांनी गेलेल्या व्यक्तीविषयी बोलताना कोणते शब्द वापरले, ते त्यांच्याच बोलीत जसेच्या तसे उतरवून घ्या. व्यक्तींची नावे मात्र लिहू नका. संपर्क सत्राला येताना ही नोंद सोबत आणा. आपण त्या शब्दांपासूनच पुढील घटकाला सुरुवात करू.